सातवा आरसा आणि उष्टी हळद

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी रेवती काटकर कामावर गेली आणि नाकाने तिला दारातच अडवलं.

"कांदा," नाक म्हणालं. "लसूण. सुकं खोबरं. तीळ. दगडफूल. मिरची, दोन जातींची." मग जरा थांबून, एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईच्या कोरड्या आवाजात, "इसम, एक. प्रवेश नाकारला."

मागे रांगेत उभा असलेला इक्बाल मुलाणी उगाचच खोकला. "इसमाला माझ्याकडून अभिनंदन सांग."

"सांगते," रेवती म्हणाली आणि सकाळपासूनची तिसरी आंघोळ करायला गेली.

नाकाचं कागदोपत्री नाव 'रेणवीय प्रदूषण प्रवेशपरीक्षक' होतं, पण ते नाव फक्त उद्घाटनाच्या दिवशी आणि तेही एकदाच उच्चारलं गेलं. दिसायला ती काचेची एक मोठी खोली. यंत्रांच्या ट्रॉल्याही त्यातून आत जायच्या, म्हणून ऐसपैस. माणूस आत उभा राहिला की नाक त्याच्या अंगावरून हवा ओढून घ्यायचं, हवेतला एकेक रेणू तोलायचं आणि काय काय सापडलं ते मोठ्यांदा सांगायचं. मोठ्यांदा सांगण्याची खरं तर काही गरज नव्हती. पण यंत्र मागवताना कुणीतरी 'अहवाल बोलका असावा' असं लिहिलं आणि कंपनीने तो बोलका करून पाठवला.

त्यामुळे माणदेशातल्या त्या माळावरच्या लेपनशाळेत कुणाचंच काही झाकून राहिलं नव्हतं. तिघांची तंबाखू सुटली. एकाचे उपवास भजी खाऊन चालतात हे उघड झालं. रागावून वेगळं राहणाऱ्या एका नवरा-बायकोचं पुन्हा जमलं, ही बातमी त्यांच्या आई-वडिलांच्या आधी लेपनशाळेला कळली. आणि उद्घाटनालाच, हार-तुऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या साक्षीने, नाकाने संचालक डॉ. अच्युत सबनीस यांच्याकडे पाहून "केसांचा कलप, काळा" असं जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून संचालकांसाठी मागच्या बाजूने वेगळा दरवाजा निघाला. त्यात जुन्या पद्धतीचा हवेचा झोत होता. तो कपडे झटकायचा आणि तोंड बंद ठेवायचा.

एवढा सगळा खटाटोप चालला होता तो अवकाशात जाणाऱ्या एका दुर्बिणीच्या सात आरशांसाठी.

जांभळ्या रंगाच्या पलीकडे जो प्रकाश असतो तो आपल्याला दिसत नाही आणि जमिनीपर्यंत पोचतही नाही. वातावरण तो वरच्या वर पिऊन टाकतं. पितं म्हणून आपण जिवंत आहोत, त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. पण ताऱ्यांमधला तापलेला वायू, परक्या ग्रहांभोवतीची हवा, यांच्या खाणाखुणा नेमक्या याच अतिनील प्रकाशात असतात. त्या वाचायच्या तर दुर्बीण वातावरणाच्या वर न्यावी लागते आणि तिला आरसा असा लागतो की जो हा प्रकाश परत फेकेल. सोनं आणि चांदी इथे कुचकामी. या प्रकाशापुढे दोन्ही तव्याइतकी काळी. एकच धातू कामाचा, ॲल्युमिनियम. म्हणजे ज्याच्या टोपात आपण चहा करतो तो.

पण ॲल्युमिनियमला एक खोड आहे. हवा लागली रे लागली की त्यावर गंजाची पातळ साय धरते. आपल्या डोळ्यांना टोप चकचकीतच दिसतो, अतिनील प्रकाशाला मात्र ती साय म्हणजे भिंत. म्हणून एका मोठ्या पोलादी टाकीत काच ठेवायची, टाकीतली हवा उपसून काढायची, पोकळीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर बसू द्यायची आणि साय धरायच्या आत वरून लिथियम फ्लोराइड नावाच्या पारदर्शक क्षाराचं पांघरूण घालायचं. पांघरूण किती जाड? एका केसाचे तीन-चार हजार पापुद्रे काढले तर त्यातल्या एका पापुद्र्याएवढं. हा क्षार पुन्हा महातहानलेला. हवेत दमटपणा असला की तो पिऊन खराब होतो. म्हणूनच लेपनशाळा जिथे हवेला घाम येत नाही अशा माळावर बांधली होती. तालुक्याच्या इतिहासात कोरडेपणाबद्दल कुणी पाठ थोपटल्याची ती पहिलीच वेळ.

आणि तिसरा शत्रू वास. वास म्हणजे तरी काय, पदार्थातून सुटून हवेत भटकणारे रेणू. फोडणीवरच्या ट्यूबलाइटवर जो चिकट थर बसतो तोच, फक्त आरशाला एका रेणूच्या जाडीचासुद्धा पुरे. पुढे अवकाशातलं ऊन त्याला भाजून पक्कं वॉर्निश करून टाकतं.

आता रेवतीचा इसम. त्याचं नाव शार्दूल पोळ. त्याच्या आईचा कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना लेपनशाळेपासून दोन टेकड्या पलीकडे होता. 'वैजयंता मसाले'. त्याचा वास मुख्य रस्त्याच्या वळणावरच माणसाला गाठायचा आणि हाताला धरून दारापर्यंत घेऊन जायचा. वारा लेपनशाळेकडे असेल तेव्हा मसाला कुटणारा डंका बंद ठेवावा, अशी विनंती करायला दोन वर्षांपूर्वी रेवतीला पाठवलं होतं. शार्दूल तिच्याशी तासभर भांडला, मग डंक्याची वेळ बदलली, मग रोज वाऱ्याची दिशा विचारायला फोन करू लागला. एवढ्या वेळा वारा कुणी विचारत नाही हे रेवतीच्या लक्षात यायला सहा महिने लागले. ती प्रकाशाच्या बाबतीत हुशार होती.

सहा आरसे निर्दोष झाले होते. शंभर किरण टाकले तर पंच्याऐंशी परत. सातव्याचा लेप रेवतीच्याच हातून व्हायचा होता, कारण ॲल्युमिनियम थांबवून क्षार सुरू करण्याचा तो एक क्षण टाकीच्या काट्यांवरून ओळखणं तिला जमायचं तसं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. लेपाच्या आदल्या दिवशी दिल्लीहून पाहुणे आले. त्यांच्यातल्या एक बाई काचेच्या भिंतीला नाक लावून आतल्या सातव्या आरशाकडे पाहत म्हणाल्या, "किती देखणा आहे हो! आणि इतक्या कामात आजवर एकही चूक नाही!"

डॉ. सबनीसांनी "आभारी आहे" म्हटलं. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

सातवा आरसा बिघडला. टाकीत आरशाच्या कडेने काचेचे छोटे तुकडे ठेवतात. त्यांच्यावरही तोच लेप बसतो आणि मोजमाप आरशाऐवजी त्यांचं करतात. त्यांना साक्षीदार म्हणतात. इक्बालने साक्षीदार तपासले आणि आकडा वाचला, "साठ."

बैठकीत सगळ्यांनी रेवतीकडे पाहिलं. साखरपुडा होऊन चारच दिवस झाले होते आणि नाकाने जे वाचलं होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मी तीन आंघोळी केल्या होत्या," रेवती म्हणाली. "नाकाने आत सोडल्यावरच आत गेले."

"नाकालासुद्धा मर्यादा असतात, मिस काटकर," सबनीस म्हणाले. ते सदाशिव पेठेतले असल्यामुळे त्यांना रागावण्यासाठी आवाज चढवावा लागत नसे. "आरसा पुन्हा धुऊन दुसरा लेप देऊ. तोपर्यंत दोन मार्ग आहेत. एक, तुम्ही टाकीपासून लांब राहा. दुसरा, त्या घरापासून."

"त्या घरात माझं लग्न ठरलंय, सर."

"ठरलेलं असू द्या. जाऊ नका, इतकंच."

रेवतीने दुसरा मार्ग घेतला. वरण-भात, उकडलेला बटाटा, बिनवासाचा साबण. शार्दूलला ती फक्त फोनवर भेटायची. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला मसाल्याच्या आमटीची स्वप्नं शार्दूलपेक्षा जास्त पडायची, पण हे तिने त्याला सांगितलं नाही.

त्याच्या आईला मात्र घरी न येण्याचं कारण सांगावंच लागलं. लग्न तोंडावर आलं होतं, होणारी सून घराची पायरी चढत नव्हती आणि वैजयंताबाई पोळ या गोष्टीची कारणं आपल्या परीने शोधत होत्या. शेवटी त्या स्वतःच लेपनशाळेच्या फाटकाशी आल्या. सोबत टेम्पो चालवायला शार्दूल.

रेवती हातात वारामापक घेऊन बाहेर आली. "काकी, तुम्ही जरा त्या बाजूला उभ्या राहाल का? वारा इकडून तिकडे आहे."

"राहते की," वैजयंताबाई म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सावरून त्या बाजूला झाल्या. "काय गं पोरी, आमच्या वासानं तुमचा आरसा आंधळा हुतो म्हनं?"

"तुमच्याच असं नाही. कुठल्याही."

"मंग हळदीचं काय?"

"आरशाला लेप लागेपर्यंत हळद नको, काकी."

"अत्तर?"

"नको."

"डोक्याला तेल? मेंदी? गजरा?"

"नको. काकी, वारा फिरला. तुम्ही इकडे, मी तिकडे."

दोघींनी जागा बदलल्या. माळावरचा वारा दुपारी कुणाचंच ऐकत नाही. तो फिरेल तशा दोघी फिरत राहिल्या, मधे हात-दोन हात नव्हे, चांगलं बैलगाडीएवढं अंतर राखून.

"मंगळसूत्र तरी?"

"चालेल. धातू आहे."

"उपकार झालं." वैजयंताबाई थांबल्या. "तीस वर्षं ह्या वासावर घर चाललंय माझं. ह्याच वासात ह्याचा बाप गेला आनि ह्याच वासात हा वाढला. कापड आनायला गेले तरी दुकानदार म्हनतो, वैजूताई आल्या. मला कधी लाज वाटली न्हाई. आनि आता माझी सून मला म्हनती, वाऱ्याच्या पलीकडं हुबी ऱ्हा?"

वारा पुन्हा फिरला आणि रेवतीला पुन्हा जागा बदलावी लागली.

"आई," शार्दूल टेम्पोतून म्हणाला, "तुमचे फेरे मोजतोय मी. भटजींच्या आधी लग्न लागेल, आटपा."

"तू गप. तुझंच लगीन हाये म्हनून इतकं ऐकून घेती." मग रेवतीकडे वळून, "हे बघ. हळद रविवारी. शार्दूलला लागली की त्याची उष्टी हळद घिऊन मी सवाष्णी पाठवीन. ती अंगाला लावून घेतलीस तर सून. न्हाई घेतलीस तर तू तुझ्या आरशाची आनि आम्ही आमच्या मसाल्याचं. नाकानं कांदं सोलनारी सून मला परवडायची न्हाई. माझ्याकडं कांदं लई असत्यात."

टेम्पो निघून गेला. शार्दूलने खिडकीतून हात बाहेर काढला, हलवला नाही, नुसता तसाच ठेवला.

दुसरा लेप त्याच आठवड्यात झाला. रेवती इतकी स्वच्छ होती की नाकाने तिला तपासून "काहीही नाही" असं म्हटलं. हे शब्द त्याने त्याआधी कधीच वापरले नव्हते. आपण माणूस आहोत की नाही अशी शंका रेवतीला दिवसभर येत राहिली. ॲल्युमिनियम ते क्षार हा क्षण तिने अचूक पकडला. सगळे काटे जागच्या जागी.

इक्बालने साक्षीदार तपासले. पुन्हा तपासले. मग म्हणाला, "चाळीस."

सबनीस खिडकीशी जाऊन उभे राहिले. "प्रक्षेपणाचं यान थांबणार नाही," ते माळाकडे पाहत म्हणाले. "एकच लेप अजून बसेल, तोही रविवारी. नाहीतर दुर्बीण सहा आरशांवर जाईल. सातव्या जागेवर भोक. मिस काटकर, तुम्ही या वेळी विश्रांती घ्या. लग्नही जरा पुढे ढकला, मी पत्र देतो."

रेवती आपल्या टेबलावर जाऊन बसली. रविवारी आरसा आणि रविवारीच हळद. लेपाला बसायचं तर हळद नाही. आणि आता तर लेपालाही बसायचं नाही आणि लग्नही ढकलायचं. इतक्या कमी वेळात दोन्हीकडून बाहेर पडलेली ती तालुक्यातली पहिलीच मुलगी असावी.

"चहा घेतेस?" इक्बालने विचारलं. "म्हणजे गरम पाणी."

"इक्बाल, पहिल्यांदा माझ्या अंगाला मसाला होता असं धरू. साठ आले. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं. चाळीस. मी स्वच्छ झाले आणि आरसा जास्त घाण झाला."

"म्हणजे मसाल्याने आरसा सुधारतो?"

"म्हणजे मसाल्याचा संबंधच नाही." ती उभी राहिली. "आपण रोज सगळ्यांना हुंगतो. आरशाला कधी हुंगलंय?"

इक्बालने कप खाली ठेवला. आरशाला कुणी हुंगलेलं नव्हतं. तो बाहेरून यायचाच नाही. आतच धुतला जायचा, आतल्या आत टाकीत जायचा. घरातल्या देवाला कुणी ओळखपत्र विचारत नाही, तसंच ते.

दोघांनी सातवा आरसा ट्रॉलीवर घातला, दीड मीटरची ती षट्कोनी काच हळूहळू ढकलत नेली आणि नाकासमोर उभी केली. बाकीचे लोक जमले. सबनीसही आले. नाकाने हवा ओढली. बराच वेळ विचार केला.

"एरंडेल," नाक म्हणालं. "गाईचं तूप. दिव्याची काजळी. भीमसेनी कापूर, किंचित. प्रवेश नाकारला."

सर्वांत स्वच्छ आरशाला त्याच्याच खोलीत मज्जाव झाला होता. पण त्यावर हसायचं कुणाला सुचलं नाही, कारण रेवती ट्रॉलीखाली वाकून आरशाच्या मागच्या बाजूला विजेरी मारत होती. तिच्या बहिणीला गेल्याच वर्षी मुलगी झाली होती. हा पदार्थ तिच्या ओळखीचा होता.

"काजळ आहे," ती खालून म्हणाली. "मागच्या कडेला. दोन ठिपके. एक ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्या शेजारी दुसरा, बंद्या रुपयाएवढा." ती उठून उभी राहिली. "कुणीतरी आरशाला तीट लावलीय."

सगळे एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहू लागले. कुणाच्याच डोळ्यांत काजळ नव्हतं. असतं तर नाकाने सांगितलंच असतं. नाकाच्या तडाख्यातून काजळाची डबी आत नेणं अशक्य होतं. म्हणजे ज्याला नाक लागू नाही असाच माणूस हवा. शिवाय टाकीचं दार बंद होण्याआधी आरशाशी एकटा उभा राहणारा. शेवटच्या पाहणीला आत एकच माणूस जायचा.

एकेक करून सगळ्यांच्या माना मागच्या दरवाजाकडे वळल्या आणि तिथून सबनीसांकडे.

डॉ. अच्युत सबनीस यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई फार कौतुक करून गेल्या," ते म्हणाले. "एकही चूक नाही, म्हणाल्या. असं मोठ्यांदा कुणी बोलतं का?"

"सर, पण तुम्ही..." इक्बाल म्हणाला. सबनीसांनी अंधश्रद्धेवर दिलेली व्याख्यानं त्याने शाळेत असताना ऐकली होती.

"मुलगी लहान असताना बायको तीट लावायची, मी पुसून टाकायचो. रोज. ती लावायची, मी पुसायचो."

"मग?" रेवतीने जरा भीत भीतच विचारलं.

"मग काही नाही. मुलगी धडधाकट आहे, टोरांटोला असते, दंतवैद्य आहे. पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर तीट न लावण्याचा काहीही तोटा होत नाही, हे मला पूर्णपणे ठाऊक आहे." त्यांनी आरशाकडे पाहिलं. "पण हा फारच देखणा दिसत होता."

"दुसरा ठिपका मोठा का, सर?"

"पहिल्या वेळी आरसा बिघडला ना. म्हणजे दृष्ट लागल्याची खात्रीच पटली. मग मोठी लावली."

विज्ञानाच्या दृष्टीने घडलं ते साधं होतं. लेपाआधी टाकी तापवतात. तापलेल्या पोकळीत काजळातलं एरंडेल उडतं, टाकीभर पसरतं आणि आरशाच्या समोरच्या बाजूवर अदृश्य थर बनून बसतं. मग ॲल्युमिनियम काचेवर नाही, तेलावर बसतं. दोन लेपांमध्ये फक्त समोरची बाजू धुतली होती, मागे दोन्ही ठिपके शाबूत. ठिपका मोठा, तेल जास्त, आकडा कमी. एवढ्या सरळ प्रयोगासाठी दुसऱ्या एखाद्या संस्थेने निबंध छापला असता.

सबनीसांनी खिशातून चपटी पितळी डबी काढून रेवतीच्या हातात दिली. "रविवारी टाकीवर तुम्हीच बसा. माझी चूक मी वर कळवतो. आणि त्या घरी मीच येऊन सांगतो की तुमचा दोष नव्हता."

"तुम्ही नका येऊ, सर. तुम्हाला शिंका येतील. मी सांगते."

पण वैजयंताबाईंना हे फोनवर सांगणं सोपं नव्हतं. कारण रेवतीला एक गोष्ट कबूल करायची होती आणि एक मागायची होती. लेप रविवारी सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपणार. तोपर्यंत हळदीचा कणही चालणार नाही, दोष कुणाचाही असो. मसाल्याने या वेळी आरसा बिघडवला नव्हता, पण बिघडवू शकला नसता असं मात्र नव्हे. हे तिने जसंच्या तसं सांगितलं. आणि मग तिटेचं सांगितलं.

पलीकडे डंक्याचा आवाज थांबला.

"तीट लावली?" वैजयंताबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या मोठ्या सायबानं?"

"हो."

"कलपवाल्या?"

"हो, काकी." कलपाची गोष्ट टेकडीपलीकडेही पोचलेली होती.

"मंग तेवढाच एक मानूस तुमच्यात शहाना हाये. इतक्या लांब चाललाय तो आरसा, एवढ्या परक्या लोकांत, चांदन्या बघनार आनि चांदन्या त्याला बघनार. तसाच धाडताव?"

"काकी, त्या तिटेमुळेच तो बिघडला."

"तेलामुळं बिघडला. तूच म्हनलीस. तेलाची नको, दुसरी कशाची लाव. एवढी शिकलीस की." मग आवाज जरा खाली आला. "हळद थांबंल. माझी हळद हाये, वरीसभर डब्यात ऱ्हाती, हिला सांजच्यापतुर काय हुतंय. मलाबी त्या दिवशी वाऱ्यात लई फिरवलंस, म्हनून बोलले. पर माझी एक अट. बिनतिटेचा आरसा मी जाऊ द्यायची न्हाई."

रेवतीने फोन ठेवला. तिच्या शिक्षणात अशा अटीची तरतूद नव्हती. मग तिला दुर्बिणीच्या नळीचा आतला रंग आठवला. चुकार प्रकाश गिळून टाकण्यासाठी नळीला आतून एक खास काळा लेप देतात. शुद्ध कार्बनचा, भट्टीत भाजलेला. पोकळीत त्याच्यातून काही म्हणजे काहीच उडत नाही. काजळीच ती, पण तेल-तुपाचे सगळे पाश तोडलेली.

ती सबनीसांच्या खोलीत गेली. सबनीसांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आंतरराष्ट्रीय समितीला काय सांगायचं?"

"संदर्भ चिन्ह. मागचा कॅमेरा आरसे जुळवताना सातवा कुठला हे त्याच्यावरून ओळखेल."

"आणि सातव्यालाच का, असं विचारलं तर?"

"एकाला खूण केली की बाकीचे मोजता येतात, सर."

सबनीसांनी बसल्या बैठकीला अर्ज लिहिला. तो इतका उत्तम उतरला की समितीने दोनच दिवसांत मंजुरी दिली आणि इतकी उपयुक्त सुधारणा आधी का सुचली नाही अशी विचारणाही केली. शनिवारी आरसा मागून-पुढून धुतला, नाकातून नेला आणि नाकाने त्याला "काहीही नाही" म्हणून आत सोडलं. मागच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढा, भाजलेल्या कार्बनचा ठिपका बसला. तो लावताना खोलीत फक्त सबनीस होते. या वेळी ते नाकातून आत आले होते. "केसांचा कलप, काळा," नाकाने सांगितलं. "बरोबर आहे," सबनीस म्हणाले आणि तो धुऊन परत आले.

रविवारी सकाळी टेकड्यांपलीकडे सनई सुरू झाली तेव्हा रेवती टाकीच्या काट्यांसमोर बसली होती. पंप घुमत होते. टाकीतली हवा जवळजवळ अवकाशाएवढी विरळ झाली. ॲल्युमिनियमची वाफ निघाली, खिडकीतून पाहता पाहता काच काच राहिली नाही, उजेड झाली. रेवतीची नजर एका काट्यावर होती. तो किंचित थरथरला, स्थिरावला, आणि तिने हात उचलला. "आता." इक्बालने कळ दाबली. क्षाराचं पांघरूण पडलं.

संध्याकाळी साक्षीदार बाहेर आले. इक्बालने आकडा वाचण्याआधी उगाच चष्मा शोधला. तो कधीच चष्मा लावत नसे.

"सत्त्याऐंशी."

सहाही आरशांपेक्षा दोनाने जास्त. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी टेबल बडवलं. कुणीतरी म्हणालं, "काय देखणा..." आणि सबनीसांनी त्याला हात करून तिथेच गप्प केलं.

त्याच वेळी बाहेर गलका ऐकू आला. वैजयंताबाई चार सवाष्णींना घेऊन आल्या होत्या. हातात परात, परातीत शार्दूलची उष्टी हळद. शार्दूल हळद लागल्यामुळे घराबाहेर पडू शकत नव्हता, त्याने एका सवाष्णीच्या गजऱ्यातलं एक फूल तेवढं परातीत टाकून पाठवलं होतं. फाटकावरच्या शिपायाने काचेच्या भिंतीतून आरसा पाहता येईल म्हणून त्यांना मधल्या दालनात सोडलं.

वैजयंताबाईंनी भिंतीला कपाळ टेकून आत पाहिलं. सातवा आरसा दिव्याखाली उभा होता, मागची कड त्यांच्याकडे करून. ठिपका दिसत होता.

"बारीक हाये," त्या म्हणाल्या. "पर हाये." त्यांनी दोन्ही हात आरशाच्या दिशेने ओवाळले, कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली. सबनीस भिंतीच्या आतल्या बाजूला उभे होते. त्यांनी मान खाली घातली, जणू ती बोटं आपल्यासाठीच मोडली गेली असावीत.

मग वैजयंताबाईंना समोर एक काचेची खोली दिसली. लिफ्ट असावी असं समजून पाचही जणी परातीसकट आत शिरल्या.

नाकाने हवा ओढली. एक क्षण त्याच्यातून नुसता घर्र आवाज आला.

"हळद," नाक म्हणालं. "हळद. हळद. चंदन. मोगरा. नारळाचं तेल. कांदा. लसूण. सुकं खोबरं. तीळ. खसखस. जायपत्री. नाकेश्वर. मिरची, चार जातींची. पुरणपोळी. तपकीर. इसम, पाच."

"इसम कुनाला म्हनती गं ही?" मागची एक सवाष्ण म्हणाली.

नाक बोलत राहिलं. इतकं एकदम त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. रेवतीने आत अंगावरचा पांढरा वेश उतरवला, केस मोकळे केले आणि पलीकडचं दार उघडून काचेच्या खोलीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आता वारा कुठून कुठे आहे हे तिने पाहिलं नाही.

"प्रवेश नाकारला," नाकाने अखेर निकाल दिला.

"आमाला कुठं यायचंय आत?" वैजयंताबाई म्हणाल्या आणि परातीत हात बुडवला. "आम्ही सुनंला न्यायला आलोय."